फाटकावरची लाल पाटी

आमच्या इमारतीच्या फाटकावर एक लाल पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'येथे डास पाळले जातात. परवाना लागत नाही.' नारायण पेठेतून जाणारे-येणारे ती वाचून हसतात. क्लासला जाणाऱ्या मुली तिच्यासमोर उभ्या राहून फोटो काढतात. खालच्या मजल्यावरच्या काकांना आयुष्यात कशाचं कौतुक करायची सवय नाही. पाटी लागली त्या दिवशी जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, "मजकूर बरा आहे. कोणाचा?"

मजकूर माझा आहे. पाटी लावली दुसऱ्यांनी, आणि ती नेमकी आमच्याच फाटकावर का लागली हे मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. वाक्य मात्र चांगलं आहे, असं मी अजूनही म्हणते. हे ऐकून कुणाला मी दगडाच्या काळजाची वाटले तर खुशाल वाटो.

मी शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर घरबसल्या मुद्रितं तपासायचं काम घेऊ लागले. शहराच्या कारभारात तेव्हा 'वर्तन कक्ष' नावाचं एक नवं खातं निघालं होतं. लोकांच्या सवयी बदलण्यासाठी शास्त्र वापरायचं, असा त्यांचा उद्योग. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना माझं नाव सांगितलं आणि मला बोलावणं आलं. कक्षाची प्रमुख तिशीतली एक मुलगी होती, मूळची चंद्रपूरकडची, शिकायला परदेशात राहून आलेली. टेबलावर चहा थंड करत ती भराभर बोलायची.

"मॅडम, दंड लावला ना, तर माणूस दंड भरते आणि कुंडीतलं पाणी तसंच ठेवते," ती म्हणाली. "पण शेजारच्याचं स्वच्छ आणि आपलंच घाण, असं चार लोकांत दिसलं की ते लाजून सुधारते. लग्नाच्या पंगतीत आपण पान कसं संपवतो? शेजारच्याचं बघूनच ना?"

मी म्हटलं, "हो. आणि संपलं नाही तर नको ते पानाच्या घडीखाली सरकवतो."

ती मनापासून हसली. माझी पुणेरी कोपरखळी म्हणून तिने ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. मलाही तेव्हा ती कोपरखळीच वाटली होती, त्यापलीकडे काही नाही.

योजना सोपी होती. त्या पावसाळ्यात डेंगीचा जोर होता. कक्षाची माणसं प्रत्येक सोसायटीत घरटी पाहणी करणार, साठलेल्या पाण्यात अळ्या आहेत का ते बघणार. तापाचा रुग्ण निघाला की लॅबकडून त्याचा पत्ता थेट कक्षाकडे येणार. रुग्ण नाही, अळ्या नाहीत, तर फाटकावर हिरवी पाटी. रुग्ण आहे आणि पत्त्यावर अळ्याही सापडल्या, तर लाल. पावसाळा संपेपर्यंत जी सोसायटी हिरवी राहील तिचा सभागृहात सत्कार. दोन्ही पाट्यांचा मजकूर मी लिहायचा. लाल पाटीचा सांगितलाच. हिरव्या पाटीवर मी लिहिलं, 'या सोसायटीत या हंगामात ताप नाही. शेजाऱ्यांनी बोध घ्यावा.'

ती मुलगी खूश झाली. "एकदम भारी लिहून राहिल्या मॅडम तुम्ही," म्हणाली.

आणि काम झालं, हे कबूल करायला हवं. ज्यांनी वर्षानुवर्षं गच्चीतल्या टायरकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते रविवारी सकाळी झाडू घेऊन गच्चीवर दिसू लागले. लोक एकमेकांच्या बाल्कन्यांकडे बघत. एका सोसायटीने म्हणे शेजारच्या सोसायटीला फराळाच्या ताटाबरोबर अळ्या मारायच्या तेलाची बाटली पाठवली. मला हे सगळं ऐकून फार बरं वाटायचं. माझी वाक्यं इतकी वर्षं वर्गाच्या भिंतींवर आपटून परत येत होती, आणि आता ती वाचून माणसं पाणी उपसत होती.

माझा मोठा भाऊ, दादा, सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे राहतो. शेतं विकली गेली, गाव शहरात आलं, आणि तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातली एक त्याची. आधी तो आणि वहिनी माझ्याबरोबर पेठेतल्या याच घरात होते. घर लहान पडलं म्हणून ते तिकडे गेले, तरी मनाने दोघंही इथलेच राहिले. दादाला कोणी कुठले विचारलं की तो आजही नारायण पेठ म्हणतो, हायवेचं नाव काढत नाही. आधार कार्डावरचा पत्ता दोघांनीही बदलला नाही, मतदारयादीतलं नाव हलवलं नाही. मतदानाच्या दिवशी दोघं नटूनथटून इकडे यायचे, मत द्यायचे, मग माझ्याकडे साबुदाणा खिचडी. अशी हजारो माणसं या शहरात आहेत. राहतात एकीकडे, आणि पत्ता पेठेतला. त्यात कोणाला काही लपवायचं नसतं, अभिमान असतो फक्त.

वहिनी माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिने माझ्या भावाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून मला चिडवायला 'वन्सं' म्हणायला लागली, ते कायमचंच. "वन्सं, तू जरा गप्प बसशील का?" असं ती भर पाहुण्यांत म्हणायची. माझ्या तोंडावर मला गप्प करू शकणारी तेवढी एकच बाई होती.

दादा भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. तिथे दारात एक मोठा फलक होता, अपघाताविना किती दिवस गेले ते दाखवणारा. कोणाला काही लागलं की आकडा शून्यावर यायचा आणि सगळ्या खात्याचं तोंड उतरायचं. एकदा दादा बोट रुमालात गुंडाळून घरी आला. स्कूटरच्या स्टँडमध्ये सापडलं म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी वहिनीने खरं काढून घेतलं. बोट मशीनमध्ये सापडलं होतं, आणि फलकावरचा आकडा मोडू नये म्हणून तो तसाच बसने घरी आला होता. "आपल्यामुळे सगळ्यांना कशाला," असं त्याचं म्हणणं. ते नख अजून वाकडं आहे.

असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्या फाटकावर हिरवी पाटी लागली, तेव्हा त्याने मला फोन करून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. चेअरमन म्हणजे ज्यांची ती जमीन होती त्या घरातले. त्यांना सत्कारापेक्षा दुसऱ्या विंगमधले न विकलेले फ्लॅट जास्त दिसत होते. गिऱ्हाइकांना ते आधी फाटकाशी उभं करून पाटी दाखवायचे. "बगा, समद्या रोडला लाल हाय, आपल्याकडं हिरवी," म्हणायचे. दादा रोज सकाळी बॅटरी घेऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायचा. वहिनी म्हणायची, "निवृत्त झाल्यावर यांना परत ड्यूटी लागली बाई."

मी एका रविवारी तिकडे गेले होते. दुपारी आम्ही दोघी बाल्कनीत कोथिंबीर निवडत बसलो होतो. दिवसाढवळ्या माझ्या पायांना डास चावायला लागले. मी म्हटलं, "वहिनी, पाटी हिरवी आणि हे काय?"

तिने मान हलवून समोरच्या विंगकडे दाखवलं. ती विंग अर्धवट होती. लिफ्टसाठी खणलेला खड्डा तसाच होता, पावसाने काठोकाठ भरलेला, आणि त्या दाराला चेअरमनांचं कुलूप.

"तिथून येतात," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. तपासायला येतात ते घराघरात जातात. तिथे कोणाचं घरच नाही, तर कोण कशाला जाईल? मी यांना म्हटलं, पंप लावा. तर म्हणे, आता पंप लावला तर लोक विचारतील पाणी कुठून आलं. सत्कार होऊन जाऊ दे."

दादा आतून ऐकत होता. तो बाहेर येऊन म्हणाला, "अगं, झालंच आता. पाऊस संपत आलाय. उगाच आपल्यामुळे सगळ्या सोसायटीला कशाला?"

मी त्याला तेव्हा सोडला नाही. बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि चहा टाकायला गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादाला ताप आला. अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे ठणकायला लागलं. वहिनी त्याला ओढत लॅबमध्ये घेऊन गेली. तिथल्या मुलाने आधार कार्ड मागितलं. दादाने खिशातून काढून दिलं. मुलाने त्यावरचा पत्ता उतरवून घेतला. एवढंच झालं. खोटं बोलावं लागलं नाही, काही सुचावंही लागलं नाही. कक्षातल्या त्या मुलीनेच मला शिकवलं होतं की जे आधीपासून तसं आहे ते माणूस सहसा बदलत नाही, त्यालाच धरून राहतो, म्हणून योग्य गोष्ट आधीपासून ठेवून द्यावी. इथे आधीपासून ठेवलेली गोष्ट नारायण पेठ होती.

डेंगी निघाला. आणि कक्षाची माणसं माझ्या दारात आली.

दोन तरुण मुलं होती, गळ्यात ओळखपत्रं, हातात बॅटरी आणि एक पांढरं पसरट भांडं. "काकू, पेशंट कुठे आहेत? तुमच्या ॲड्रेसवर पॉझिटिव्ह केस आहे," त्यातला एक म्हणाला.

त्याने दादाचं नाव वाचून दाखवलं आणि मला सगळं लक्षात आलं. मी म्हटलं, "तो माझा भाऊ. तो इथे राहत नाही. गेली कित्येक वर्षं राहत नाही. सोलापूर रोडला राहतो, तिथे जा."

"सिस्टिमला तर हाच ॲड्रेस आहे, काकू. आम्हाला चेक करावंच लागेल."

त्यांनी फ्रिजच्या मागचा ट्रे काढला, कूलरमध्ये डोकावले, संडासाची टाकी उघडली. मी कमरेवर हात ठेवून टोमणे मारत उभी होते. शेवटी एकाने खिडकीतली मनीप्लांटची बाटली उचलून त्या भांड्यात ओतली. पांढऱ्या भांड्यात दोन-तीन बारीक अळ्या वळवळत होत्या. मी ओशाळले. शहरभर बोध वाटत फिरणारी मी, आणि माझ्याच खिडकीत हा प्रकार.

संध्याकाळी फाटकावर लाल पाटी लागली. खालच्या काकांनी मजकुराबद्दल विचारलं ते तेव्हा.

मी आधी दादाला फोन केला. ताप उतरला होता, आवाज बरा होता. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या लॅबला खरा पत्ता सांग. फवारणी माझ्याकडे करून गेलेत. डास तुझ्याकडे आहेत."

"अंतिम पाहणी होऊ दे, मग सांगतो."

"तोवर दुसऱ्या कोणाला झाला तर?"

"मी बरा झालो ना? साधा होता. तू फार ताणतेस."

मग मी कक्षात फोन केला. त्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं, लिफ्टच्या खड्ड्याचंही. दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच माणसं पाठवली. पुढचं मला वहिनीने सांगितलं. माणसं फाटकाशी आली, वॉचमनने दादाला आणि चेअरमनना बोलावलं. चेअरमन म्हणाले, "आपल्याकडं ताप-बिप कुणाला बी न्हाय. कुनी सांगितलं तुमाला?" माणसांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "मी आजारी होतो, पण तेव्हा बहिणीकडे राहत होतो. कार्डावर पत्ता बघा ना, तिथलाच आहे." कार्ड दाखवलं. माणसांनी बंद विंगबद्दल विचारलं. ती पाहणीत येत नाही, कारण तिथे घर नाही, असं चेअरमननी त्यांचाच नियम त्यांना सांगितला. माणसं चहा पिऊन गेली.

वहिनी मागे दारात उभी होती. "मी बोलायला पाहिजे होतं गं," ती फोनवर म्हणाली. "पण सगळ्यांच्या देखत यांना खोटं कसं पाडू? त्यांचा चेहरा पाहिला असतास तर तूही बोलली नसतीस." मी म्हटलं, मी बोलले असते. ती म्हणाली, "हो, वन्सं, तू बोलली असतीस." आणि हसली.

मी पुन्हा कक्षात फोन केला. त्या मुलीचा आवाज या वेळी थकलेला होता. "मॅडम, तुमच्या पत्त्यावर रुग्णाची नोंद आहे आणि अळ्याही तिथेच सापडल्या. आमच्याकडे ती केस बंद झाली. रुग्ण स्वतः म्हणतो तो तिथेच होता. आता मी कोणत्या आधारावर परत माणसं पाठवू?" मला तिचा राग आला, पण तिच्या जागी बसून विचार केला तर उत्तर मलाही देता आलं नसतं. माझ्या मनीप्लांटने तिचं सगळं कोडं सोडवून टाकलं होतं.

दादाशी मी बोलणं टाकलं. वहिनीशी रोज बोलत होते. एके सकाळी तिचा फोन आला आणि आवाजावरूनच मला समजलं.

"वन्सं, मला ताप आलाय. ओरडू नकोस."

"रक्त तपासलंस?"

"पाहणी शनिवारी आहे. तोवर घरीच बघू म्हणतात हे. मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. कढत पाणी पितेय, पपईच्या पानांचा रस प्यायला दिलाय. जगेन मी."

मी बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "तू आलीस तर भांडण होईल आणि मला डोकं दुखतंय. बरं वाटलं की ये." मी गेले नाही. तिने सांगितलं म्हणून थांबले, आणि मी येते म्हटलं असतं तर ती रडली असती, म्हणूनही.

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन आला. इतक्या दिवसांनी तोच बोलायला आला, आणि आवाजात आनंद होता. "ताप उतरला गं तिचा. एकदम नॉर्मल. झोपलीये शांत." त्याच्या तापाचंही असंच झालं होतं, ताप उतरला आणि तो उठून बसला होता. त्यामुळे त्याला वाटलं सुटलो. मलाही वाटलं. डेंगीत खरी भीती ताप उतरल्यावर सुरू होते, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घरात डॉक्टर आलाच नव्हता, मग सांगणार कोण?

दुपारी ती बाथरूममध्ये पडली. हातपाय गार पडले होते. दादाने तिला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात आणलं. मी पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, पोट फुगलेलं, ओठ पांढरे. दादा खिडकीशी उभा राहून भरतीचे सोपस्कार करत होता. काउंटरवरच्या बाईने वहिनीचं कार्ड मागितलं आणि तो देत होता. मी लांबून ओरडले, "पत्ता खरा सांग." बाईने मान वर केली. म्हणाली, "प्रूफ दुसरं आहे का?" दुसरं बरोबर काहीच नव्हतं. दादाचं ते वाकडं नख मला स्पष्ट दिसत होतं. त्याने कार्ड पुढे सरकवलं.

वहिनीला आत नेण्याआधी मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "खड्ड्याचं सांग गं कुणाला तरी. वॉचमनची पोरगी तिथेच खेळते." तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. मला पुढे कितीदा वाटलं की तिने वेगळं काही बोलायला हवं होतं, माझ्यासाठी काहीतरी. पण ती तशीच होती, आणि मला तिचा अजून राग येतो त्यापायी.

प्लेटलेट्ससाठी मी रक्तपेढ्यांमधून धावले. दादा बाकावर बसून होता. शनिवारी, पाहणीच्या दिवशी, ती गेली.

आमच्याकडे रडारड करायची पद्धत नाही. सगळं नीटनेटकं झालं. मी अंत्यविधीच्या गडबडीत वॉचमनला गाठलं आणि पोरीला घेऊन थोडे दिवस गावाला जा म्हटलं. त्या विंगचं कुलूप उघडा म्हणून सांगायला मी चेअरमनांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी हात जोडले. "ताई, वहिनी देवमाणूस होत्या. दुःखात हाय आमी समदे. खड्ड्याचं बगतो नक्की." बघितलं नाही. उन्हाळ्यात ते पाणी आपोआप आटलं.

दहाव्याला मी तिकडे गेले, तेव्हा फाटकावर सोसायटीने वहिनीचा फ्लेक्स लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', चारी बाजूंनी झेंडूची फुलं छापलेली, मधे तिचा हसरा फोटो, मागच्या वर्षीच्या कोजागिरीचा. आणि त्याच्या वर हातभर अंतरावर माझी हिरवी पाटी. 'या सोसायटीत या हंगामात ताप नाही. शेजाऱ्यांनी बोध घ्यावा.' मी रिक्षातून उतरले नाही. रिक्षावाला विचारत होता, हीच ना सोसायटी, आणि मला त्याला हो म्हणता येईना.

सोसायटीचा सत्कार झाला. चेअरमन गेले होते. दादा गेला नाही, तेवढं बरं.

माझ्याकडे मात्र कक्षाची माणसं परत आली. मृत्यूची नोंद या पत्त्यावर होती, त्यामुळे पाहणी मोठी होती. तीच दोन मुलं. या वेळी त्यांनी चपला बाहेर काढल्या, आवाज न करता सगळं घर तपासलं. मनीप्लांट मी कधीच फेकून दिला होता. काहीच सापडलं नाही. जाताना एक जण म्हणाला, "सॉरी काकू." मी म्हटलं, "ती इथे राहत नव्हती." त्याला वाटलं मी दुःखाने भ्रमिष्ट झाले आहे. तो मान खाली घालून जिना उतरला.

मग एका दुपारी ती कक्षातली मुलगी स्वतः आली. पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणाली, "मॅडम, नोंदवलेले रुग्ण खूप कमी झाले या वर्षी. सगळे म्हणून राहिले योजना यशस्वी झाली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाईट मुलगी नाही. मी तिला म्हटलं, "बाळ, पानं तर सगळ्यांची स्वच्छच दिसली. घडीखाली काय सरकवलं ते आपण उचलून बघितलं नाही." तिला पंगत आठवली असावी, कारण तिने ग्लास खाली ठेवला आणि तोंड झाकून घेतलं. हंगाम संपला, लाल पाटी काढून टाकायला माणूस पाठवते, असं ती दारात म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

इमारतीतल्या लोकांना ते आवडलं नाही. सभेत विषय निघाला, पाटीमुळे इमारतीची बदनामी होते वगैरे. खालचे काका उठून म्हणाले, "ज्यांनी लिहिली त्या म्हणतात, राहू दे. विषय संपला." त्यांच्याकडून मला आजवर मिळालेली ही एकमेव मदत.

दादा बऱ्याच महिन्यांनी आला. मतदान होतं, म्हणून आला. पहिल्यांदाच एकटा. मी गॅलरीतून पाहिलं, तो फाटकाशी पाटीसमोर उभा होता. वर आल्यावर त्याने पाणी मागितलं, आणि मग म्हणाला, "काढायला सांग ना गं ती. येता-जाता लोक हसतात."

मी म्हटलं, "ती वहिनीची आहे. ती तापाने गेली, असं या शहरात कुठे लिहिलेलं असेल तर ते तिथे. तुझ्या फाटकावर तर ताप नाही असं लिहिलंय."

खिचडी केली होती, ती खाल्ली नाही. बोटाच्या त्या वाकड्या नखावर अंगठा फिरवत बसून राहिला, आणि मग रडला. मी त्याला रडू दिलं. जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलं नाही. माझ्या मनातून तो राग गेलेला नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही. भाऊ आहे म्हणून दार उघडते.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आधार केंद्रावर उभा होता, पत्ता बदलायला. सोसायटीतल्या घराचं लाइट बिल घेऊन गेला होता. तिथल्या मुलीने सहज विचारलं होतं, घरात आणखी कोणाचा बदलायचाय का, एकदमच होऊन जाईल. दादाच्या शर्टाच्या खिशात वहिनीचं कार्डही होतं. तो मला फोनवर विचारत होता, त्या मुलीला काय सांगू.

मी म्हटलं, "सांग, ती इथेच राहते. नारायण पेठेत."